दवाखान्यात कॉम्प्युटर आला की स्टाफ का अडतो, आणि त्यातून वाट कशी काढायची

एक-दोन डॉक्टर, रिसेप्शनला दोघीजणी, एक जुने कंपाउंडर काका, तीन-चार सिस्टर, मावशी, शेजारी मेडिकल, जमलं तर छोटी लॅब. तालुक्याच्या गावापासून पुण्या-ठाण्याच्या उपनगरापर्यंत बहुतेक खाजगी दवाखान्यांचा कारभार एवढ्याच माणसांवर चालतो. आणि गेल्या काही वर्षांत याच माणसांवर एकामागून एक बदल येऊन पडतायत, केसपेपर जाऊन सॉफ्टवेअर, नंबराची चिठ्ठी जाऊन अपॉइंटमेंट, गल्ल्याशेजारी क्यूआर कोड, मेडिक्लेमची कॅशलेस पोर्टलं, त्यात २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं तेव्हापासून तो १४ आकडी आभा नंबर, म्हणजे पेशंटचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, पण आला.

मी अशा दवाखान्यांच्या ऑफिसची घडी बसवायचं काम करते, त्यामुळे एक चित्र वारंवार दिसतं. सॉफ्टवेअर चांगलं असतं, पैसे भरून झालेले असतात, ट्रेनिंग पण झालेलं असतं, आणि तीन महिन्यांनी बघावं तर कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं आणि शेजारी तीच जुनी वही उघडी. डॉक्टरांना विचारलं की म्हणतात आमचा स्टाफच तसा आहे, बदलायलाच नको असतं त्यांना. मला हे अजिबात पटत नाही. स्टाफ अडतो त्याला जवळजवळ नेहमी कारण असतं, ते कारण त्यांच्या रोजच्या कामातच कुठेतरी असतं, आणि ते सापडल्याशिवाय कितीही ट्रेनिंग द्या, कितीही ओरडा, वही काही बंद होत नाही. म्हणून हा लेख जरा लांबच आहे, पण ज्यांना खरंच बदल करायचाय त्यांनी क्रमाने वाचावा, कारण यातला क्रम महत्त्वाचा आहे.

सॉफ्टवेअर निवडायच्या आधी रिसेप्शनला बसा

बहुतेक जण उलटं करतात, आधी डेमो बघतात, पैसे देतात, मग स्टाफला सांगतात. तसं करू नका. आधी सलग चार-पाच दिवस, त्यात एक सोमवार आणि एक आठवडी बाजाराचा दिवस आलाच पाहिजे, काउंटरच्या आत एक खुर्ची टाकून बसा आणि फक्त बघा. चुका काढू नका, सूचना देऊ नका. डॉक्टरांना स्वतःला वेळ नसेल तर घरचं जे कुणी दवाखान्याचं बघतं त्यांनी बसावं, पण सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाला बसवू नका, त्याच्यासमोर कुणी मोकळं काम करत नाही.

काय बघायचं? ती जुनी वही आणि केसपेपर नोंदीशिवाय अजून काय काय काम करतायत ते. एका दवाखान्यात केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनाचं टिंब असायचं. एक टिंब म्हणजे मागचे पैसे बाकी आहेत, पण सगळ्यांसमोर मागायचे नाहीत. दोन टिंबं म्हणजे पेशंटला ऐकायला कमी येतं, बाकावरून हाक मारून उपयोग नाही, जवळ जाऊन सांगायचं. कोपरा दुमडलेला असेल तर रिपोर्ट यायचाय, आत पाठवू नका. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, रिसेप्शनच्या ताईंनी वर्षानुवर्षं हळूहळू बसवलेलं. नंबराचंही तसंच. कागदावर नंबर ओळीने, पण प्रत्यक्षात लांबच्या गावची म्हातारी बाई, जिची दुपारची एसटी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी, तिला त्या अलगद पुढे घ्यायच्या आणि बाकीच्यांना असं समजावून सांगायच्या की कुणी हूं की चूं करायचं नाही. आता नवीन टोकन सिस्टीमला ना टिंब कळतं ना एसटी. मग ताई म्हणणारच की हे आपल्याकडे चालणार नाही, आणि त्या बरोबरच म्हणतायत.

तर एक साधा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला वही-केसपेपरवर जे दिसतं ते, उजव्या बाजूला माणूस डोक्याने जे करतो ते. मग उजव्या बाजूची एकेक गोष्ट घेऊन डेमोच्या वेळी विचारा, हे तुमच्यात कुठे बसतं? चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटच्या नावापुढे छोटी नोट टाकायची सोय असते, रांगेतला नंबर हाताने वरखाली करता येतो. जी गोष्ट कुठेच बसत नाही तिच्याबद्दल आधी ठरवा, सोडायची की कागदावरच ठेवायची. हा कागद केला नाही तर पुढचं सगळं ट्रेनिंग हवेत जातं.

विरोध ओळखायचा कसा

आपल्याकडे दवाखान्यातला माणूस डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणत नाही. हो सर, करते मॅडम, बघू, तुम्ही म्हणाल तसं. विरोध दिसतो तो दुसरीकडेच. रोज नेमकं गर्दीच्या वेळी नेट गेलेलं असतं. पेशंट चिडतात हो, असं सारखं कानावर येतं. एंट्री संध्याकाळी एकदम करू म्हणून वहीत लिहिलं जातं आणि संध्याकाळी घरी जायची घाई. एखादी सिस्टर ट्रेनिंगच्याच दिवशी रजेवर. किंवा सगळ्यात अवघड प्रकार, जुना माणूस एकदम गप्प होतो, आधी चार गोष्टी स्वतःहून सांगायचा तो आता विचारल्याशिवाय बोलत नाही.

कारणांबद्दल हार्वर्डच्या जॉन कोटर आणि लेनर्ड श्लेसिंगर यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली होती, ती मला अजूनही कामाला येते. माणसं चार कारणांनी अडतात: आपलं काहीतरी जाईल ही भीती, गैरसमज आणि अविश्वास, हा बदल चुकीचा आहे असं प्रामाणिक मत, आणि आपल्याला हे जमणारच नाही ही धास्ती. दवाखान्यात चारही एकत्र असतात, पण प्रत्येकाचं मुख्य कारण वेगळं असतं, आणि उपाय कारणाप्रमाणे बदलतो. ज्याला जमत नाही त्याला शिकवायचं असतं, पण ज्याला नोकरीची भीती आहे त्याला शिकवत बसून काय होणार, त्याला शब्द द्यायला लागतो. आणि ज्याचं मत वेगळं आहे त्याचं म्हणणं आधी तपासायचं, कारण तो बरोबर असू शकतो.

यातली 'आपलं काहीतरी जाईल' ही भीती सगळ्यात कमी समजून घेतली जाते. पैसे आणि नोकरी हे वरवरचं झालं. कंपाउंडर काकांना अख्ख्या गावातले पेशंट नावाने माहीत असतात, कुणाला कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे ते पाठ असतं, डॉक्टर आतून हाक मारून विचारतात, काका यांना मागच्या वेळी काय दिलं होतं? या एका प्रश्नात त्यांचा सगळा मान आहे. उद्या तेच स्क्रीनवर दिसायला लागलं की डॉक्टर हाक मारणार नाहीत. हे काका कधीच बोलून दाखवणार नाहीत, ते म्हणतील माझे डोळे दुखतात स्क्रीनने. डोळ्यांवर उपाय शोधू नका इथे, मानावर शोधा. ॲलर्जीची आणि जुन्या औषधांची माहिती सिस्टीममध्ये भरायची जबाबदारी काकांनाच द्या, त्यांनी सांगायचं, नवीन मुलीने टाइप करायचं, आणि बरोबर आहे का हे काकांनीच तपासायचं. ही माहिती भरणं हे सगळ्या बदलातलं सगळ्यात मोलाचं काम आहे आणि ते त्यांच्याशिवाय होऊच शकत नाही, हे खरं आहे म्हणूनच ते त्यांना पटतं.

मीटिंग नंतर, आधी एकेकाशी बोला

सगळ्यांना एकदम उभं करून उद्यापासून असं असं, हे सांगणं म्हणजे विरोध एकत्र बांधून देणं. आधी प्रत्येकाशी वेगळं बोला, दहा-पंधरा मिनिटं, बसून, चहा घेत, आणि सुरुवात सगळ्यात जुन्या माणसापासून करा. जुन्याला ती बातमी नव्या मुलीकडून कळली तर तिथेच अर्धं काम बिघडलं.

विचारायचं कसं तेही महत्त्वाचं. तुम्हाला हे चालेल का, असं विचारलं की उत्तर हो येतं आणि काही कळत नाही. कामाबद्दल विचारा. साधारण असं होतं बघा:

"ताई, हे सुरू झालं की गर्दीच्या वेळी तुमचं काय अडेल असं वाटतं?"

"काही नाही मॅडम, शिकेन की मी."

"शिकाल हो. पण आत्ता तुम्ही पेशंटचं तोंड बघून केसपेपर काढता, तिथे नाव टाइप करायला लागेल, ते कसं होईल?"

"तेच ना मॅडम... मला इंग्लिश टायपिंग नाही येत पटपट. आणि चुकलं तर सर सगळ्यांसमोर बोलतात."

यात दोन गोष्टी बाहेर आल्या. टायपिंगचा प्रश्न मराठी कीबोर्डने किंवा मोबाइल नंबर टाकून पेशंट शोधायच्या सवयीने सुटतो. दुसरा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटत नाही, तो सरांनीच सोडवायचा आहे. पेशंटसमोर स्टाफला बोलायचं नाही, हा नियम डॉक्टरांनी बदलाच्या आधीच स्वतःला लावून घ्यावा, कारण शिकताना चुका होणारच आणि पहिल्या अपमानानंतर माणूस वहीकडे परत जातो, ते मग कायमचं.

ऐकलेलं सगळं लिहून ठेवा, कुणाचं नाव न घालता.

शब्द द्या, आणि लिहून द्या

कॉम्प्युटर आला की दोघींतली एक कमी करणार, हा प्रश्न प्रत्येक रिसेप्शनवर असतो, विचारो न विचारो. खरंच कमी करायची नसेल तर स्पष्ट सांगा, या बदलामुळे कुणाची नोकरी जाणार नाही आणि पगार कमी होणार नाही, आणि ते एका कागदावर लिहून सही करून स्टाफरूममध्ये लावा. कमी करायचीच असेल तर खोटा शब्द देऊ नका, आधीच त्या व्यक्तीशी सरळ बोला, पुरेसा वेळ द्या, दुसरीकडे शब्द टाका. एकीला फसवलं की उरलेले सगळे पुढचा प्रत्येक बदल त्याच नजरेने बघतात.

जास्तीच्या वेळेचंही ठरवा. पहिले दोन-तीन आठवडे काम वाढतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. रोज अर्धा-पाऊण तास जास्त थांबायला लागणार असेल तर त्याचे पैसे द्या किंवा नंतर सुटी द्या. फुकट थांबवायचं आणि वर उत्साह पण अपेक्षायचा, हा अन्याय आहे.

आणि कृपा करून त्याच महिन्यात बायोमेट्रिक हजेरी किंवा काउंटरवर नवा कॅमेरा लावू नका. गरज असेल तर नंतर स्वतंत्रपणे लावा. दोन्ही एकदम आलं की स्टाफच्या मनात कॉम्प्युटर म्हणजे आपल्यावर पाळत हे समीकरण बसतं, मग प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायची गोष्ट पण संशयाची वाटते. खरं तर वेगळं लॉगिन स्टाफच्याच फायद्याचं आहे, दुसऱ्याची चूक आपल्यावर येत नाही. शिवाय २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा बघता पेशंटची माहिती सांभाळायची जबाबदारी दवाखान्याची आहे, तिथे एकच पासवर्ड चिकटपट्टीने मॉनिटरवर लावून चालणार नाही. हे नीट समजावून सांगितलं तर पटतं, फक्त आधी विश्वास पाहिजे.

काही निर्णय खरंच त्यांच्या हातात द्या

हे माझ्या मते सगळ्यात प्रभावी पाऊल आहे. याचा जुना पुरावा दवाखान्यातला नाही, कारखान्यातला आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड नावाची पायजमे शिवणारी कंपनी होती, तिथे लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी कामाची पद्धत बदलताना कामगारांचे वेगवेगळे गट केले आणि त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापले. एका गटाला नुसतं सांगितलं की आता असं करायचं, तिथे उत्पादन पडलं, भांडणं झाली, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना नवीन पद्धत ठरवण्यात घेतलं ते लवकर सावरले आणि आधीपेक्षा पुढे गेले. पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी रिसेप्शनवर हेच दिसतं.

कुठले निर्णय द्यायचे? सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हा निर्णय त्यांचा नाही, आणि तसं भासवूही नका, लोकांना नाटक लगेच कळतं. पण नोंदणीच्या स्क्रीनवर आधी काय विचारायचं, अपॉइंटमेंट किती मिनिटांची ठेवायची, अपॉइंटमेंट न घेता आलेल्यांसाठी किती जागा सोडायच्या, प्रिंटर कुणाच्या हाताशी, फोन कुणी उचलायचा, सुरुवात कुठल्या दिवशी, हे सगळं त्यांनी ठरवावं.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल हे का लागतं. एका ठिकाणी एकाच पेशंटच्या दोन-दोन, तीन-तीन फायली तयार व्हायला लागल्या, कारण गायकवाड हे नाव एकीने वाय घालून टाइप केलं, दुसरीने आय घालून, तिसरीने मधला ए गाळला. सॉफ्टवेअरवाला म्हणाला मोबाइल नंबरने शोधा. रिसेप्शनच्या मुलींनी लगेच सांगितलं, अहो अख्ख्या घरात नंबर एकच, मुलाचा, त्याच्यावर आई-वडील-बायको-दोन पोरं सगळी येतात. मग त्यांनीच बसून नियम केला: आधी मोबाइल नंबर टाकायचा, त्याखाली येणाऱ्या नावांतून पेशंटला विचारून वय जुळवायचं, नाव मराठीतच टाकायचं आणि गाव टाकल्याशिवाय नवीन फाइल उघडायची नाही. हा नियम त्यांनी पाळला, कारण त्यांनीच केला होता. तोच नियम वरून आला असता तर घाईत गाव टाकायचं राहिलंच असतं.

ट्रेनिंग

कंपनीचा माणूस येऊन प्रोजेक्टर लावून दोन तास सगळी बटणं दाखवतो, ते ट्रेनिंग विसरायलाच असतं. दुपारी दवाखाना बंद असतो त्या वेळात रोज वीस-पंचवीस मिनिटं, आठवडाभर, आणि एका दिवशी एकच काम: आज फक्त जुना पेशंट शोधणं, उद्या नवीन नोंदणी, परवा पावती, मग पैसे परत करायची वेळ आली तर काय. खोट्या नावांच्या दहा-वीस नोंदी करून त्यावर सराव करू दे, बिघडलं तरी काही बिघडत नाही हे आधी सांगा. डॉक्टरांनी तिथे उभं राहू नये. रोजची पाच-सहा कामं मराठीत, मोठ्या अक्षरात, स्क्रीनच्या फोटोसकट छापून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा.

चाळिशी लागलेल्या माणसाला स्क्रीन खरंच दिसत नसेल तर फॉन्ट मोठा करा आणि चष्मा दवाखान्याच्या खर्चाने करून द्या. हे छोटं वाटतं पण मला जमत नाही म्हणणाऱ्यांतल्या काहींना नुसतं दिसत नसतं आणि सांगायला लाज वाटत असते.

दोघींतली जी पटकन शिकते तिला दुसरीची शिक्षिका करायचा मोह होतो. वयाने, नोकरीने लहान मुलगी मोठ्या ताईंना शिकवणार असेल तर आधी ताईंना विचारा. बऱ्याच वेळा चालतं, पण विचारलेलं असावं लागतं.

सुरू करायचा दिवस

सोमवार नको, बाजाराचा दिवस नको, महिन्याची पहिली तारीख नको. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची गर्दी असते तेव्हा नको, दिवाळीच्या तोंडावर तर नकोच. आठवड्यातला सगळ्यात मोकळा दिवस घ्या, बहुतेक ठिकाणी तो बुधवार-गुरुवार निघतो.

पहिले काही दिवस फक्त नवीन पेशंट सिस्टीमवर घ्या, जुने केसपेपरवरच चालू दे. मग जुने जसजसे येतील तसतशी त्यांची फाइल उघडा. एकदम सगळा जुना डेटा भरायला बसलात तर स्टाफ आठवड्यात थकतो. त्या आठवड्यात अपॉइंटमेंट नेहमीपेक्षा कमी द्या, थोडी कमाई बुडेल ती बुडू दे. दारात मोठ्या अक्षरात पाटी लावा की नवीन पद्धत सुरू करतोय, थोडा वेळ लागेल, स्टाफला सहकार्य करा. खाली डॉक्टरांचं नाव असलं की पेशंटचा राग काउंटरवरच्या मुलीवर निघत नाही, निदान कमी निघतो.

वीज आणि नेट जाणारच. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर, राउटर आणि प्रिंटर तिन्ही आहेत का ते प्रत्यक्ष मेन स्विच बंद करून बघा, राउटर नेहमी राहून जातो. मोबाइलचं हॉटस्पॉट कसं लावायचं ते सगळ्यांना येऊ दे. आणि छापील कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवा, सिस्टीम बंद पडली तर त्यावर लिहायचं आणि चालू झाल्यावर कुणी भरायचं तेही आत्ताच ठरवा. जुनी वही ही पर्यायी सोय नाही, एकदा ती उघडली की मिटत नाही.

पहिले पंधरा दिवस

रोज दवाखाना बंद करताना दहा मिनिटं सगळे उभ्या-उभ्या बोला, आज काय अडलं एवढंच. एक तक्रार-वही ठेवा. त्यातली रोज किमान एक तरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सुटलेली दिसली पाहिजे, मग ती प्रिंटरची जागा का असेना. आपण सांगितलं आणि झालं, हे दोन-चारदा घडलं की लोक रडगाणं सोडून नेमकं सांगायला लागतात. जे लगेच होणार नाही त्यापुढे तारीख लिहा. सॉफ्टवेअर कंपनीला फोन करायचा अधिकार रिसेप्शनला द्या, प्रत्येक वेळी डॉक्टरांमार्फत गेलं तर चार दिवस जातात. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला सूचना टाकणं बंद करा, त्याने काम सुधारत नाही, झोप उडते.

मोजायचं थोडंच, पण बदलाच्या आधीपासून मोजा म्हणजे तुलना होईल. पेशंट आल्यापासून आत जाईपर्यंत किती वेळ, दिवसाला किती फायली सापडल्या नाहीत, किती दुहेरी नोंदी. हे आकडे सगळ्यांना दाखवा, पण कुणी किती एंट्र्या केल्या याची एकमेकींशी तुलना करू नका, त्यातून नुसती घाईच्या चुका आणि भांडणं निघतात.

वही कधी बंद करायची

दोन्ही चालू ठेवणं सुरक्षित वाटतं, पण ते म्हणजे दुप्पट काम, आणि दुप्पट कामात माणूस ओळखीचंच नीट करतो. म्हणून वही बंद करायची तारीख सुरुवातीलाच जाहीर करा, तीन-चार आठवड्यांनंतरची. त्या दिवशी सिस्टीमवर खरंच काही महत्त्वाचं होत नसेल तर तारीख आठवडाभर पुढे न्या, कारण सांगून, एकदाच.

पण सरसकट सगळी रजिस्टरं उचलू नका. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ, जैविक कचऱ्याची नोंद, मेडिकलमध्ये ठराविक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवायचं शेड्यूल एच १ चं रजिस्टर, हे कायद्याने लागतं, ते या बदलात ओढायचं नाही. जुन्या फायली पण रद्दीत घालू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ॲडमिट पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायला सांगितलेत आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायला, पोलीस केस किंवा कोर्टाचं प्रकरण असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. हे स्टाफला पण सांगा. आमच्या इतक्या वर्षांच्या फायली टाकून देणार, ही एक मोठी न बोललेली खंत असते त्यांची.

आणि डॉक्टर स्वतः

हे शेवटाकडे लिहितेय पण खूप ठिकाणी खरी अडचण इथेच आहे. डॉक्टर घाईत चिठ्ठीवर औषध लिहून देतात, सिस्टर ती मग टाइप करत बसते. किंवा ओळखीचा पेशंट थेट आत बोलावतात, अपॉइंटमेंट राहते बाजूला. स्टाफ हे बघतो आणि त्याला जे समजायचं ते समजतं. लॉस एंजलिसच्या सीडार्स-सायनाय या बड्या हॉस्पिटलने २००२ च्या शेवटी डॉक्टरांनी ऑर्डर कॉम्प्युटरवरच द्यायची सिस्टीम आणली, आणि शेकडो डॉक्टरांनी वेळ जातो, अडथळा येतो म्हणून तक्रार केल्यावर २००३ च्या जानेवारीत ती थांबवायला लागली. तिथे ना पैसा कमी होता ना शिक्षण. वेळ जातो ही तक्रार खरी असते, आणि टाइप करताना पेशंटच्या तोंडाकडे बघणं होत नाही हीसुद्धा. त्यामुळे डॉक्टरांसाठी पण सोय करा: नेहमीच्या वीस-तीस आजारांची औषधं आधीच टेम्प्लेटमध्ये घालून ठेवा, जमत असेल तर टाइप करायला शेजारी एक जण बसवा, आणि सुरुवातीला फक्त औषधं आणि पुढची तारीख एवढंच स्क्रीनवर.

ज्या व्हिजिटिंग डॉक्टरांना हे वेळखाऊ वाटतं त्यांना सांगायला माझ्याकडे एक आवडता दाखला आहे. ऑपरेशनच्या आधी-नंतर वाचायची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली, त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे, ज्यांचं मूळ घराणं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. तरीही तिथल्या सुमारे २० टक्के लोकांना ती सोपी वाटली नव्हती. मग त्यांना विचारलं, तुमचं स्वतःचं ऑपरेशन असेल तर ही वापरावी का? ९३ टक्के हो म्हणाले. हाच प्रश्न दवाखान्यात विचारून बघा: तुमची आई पेशंट म्हणून आली तर तिची ॲलर्जी स्क्रीनवर लाल अक्षरात दिसावी की काकांना आठवेल यावर सोडावं?

तरीही कुणी अडून बसलं तर

दोन-तीन महिन्यांनंतर बहुतेक जण सामावलेले असतात. एखादा राहतो. तेव्हा आधी बघा, येत नाही की करायचं नाही. येत नसेल तर काम बदलून द्या, पेशंटला आत-बाहेर नेणं, इंजेक्शन-ड्रेसिंगची तयारी, स्टॉक, फोनवर फॉलोअप, दवाखान्यात कॉम्प्युटरशिवायचं भरपूर काम असतं आणि जुन्या माणसाचा बोलण्यातला हातखंडा तिथे कामाला येतो. फक्त ते शिक्षा म्हणून देऊ नका, पगार आणि बसायची जागा तीच ठेवा.

करायचंच नसेल, आणि मुद्दाम दुसऱ्यांना अडवणं चालू असेल, तर एकदा एकांतात स्पष्ट बोला: नेमकं काय करायचंय, कधीपर्यंत, नाही झालं तर काय होईल. लिहून द्या. हे बोलणं टाळत राहिलात तर ज्या मुलींनी मेहनतीने शिकून घेतलं त्यांच्यावर अन्याय होतो, त्यांचं काम दुप्पट होतं आणि आधी त्याच सोडून जातात. मुदतीनंतरही फरक नाही पडला तर देणं-घेणं पूर्ण करून, मान ठेवून निरोप द्या. पेशंटसमोर किंवा इतर स्टाफसमोर कधीच नाही.

पुढचा बदल, म्हणजे काउंटरवर आभाचं स्कॅन अँड शेअर (पेशंटने मोबाइलवरून क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणीची माहिती पाठवणं) किंवा ऑनलाइन अपॉइंटमेंट, हा यानंतर किमान चार-सहा महिन्यांनीच घ्या. त्याचा पहिला डेमो डॉक्टरांनी एकट्याने बघू नका. काउंटरवरच्या ताईंना सोबत बसवा, तो उजव्या बाजूचा कागद त्यांच्या हातात द्या आणि कंपनीच्या माणसाला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.